मोह कोणत्या बाजूने येतो?

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी आपल्या सर्व चर्चमध्ये दरवर्षी एकच प्रसंग वाचला जातो. वर्ष बदलते तसा शुभवर्तमानकार बदलतो, कधी संत मत्तय, कधी संत मार्क, तर कधी संत लूक. प्रसंग मात्र तोच असतो. यार्देन नदीत स्नानसंस्कार घेतलेला प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात राहतो आणि तेथे सैतान त्याची परीक्षा पाहतो. हे वाचन आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की, मिस्सा संपवून चर्चच्या पायऱ्या उतरताना आपली चर्चा वेगळ्याच विषयाकडे वळते. या चाळीस दिवसांत कोणी मांसाहार सोडलेला असतो, कोणी मद्य, तर कोणी चहातली साखर. ‘तुम्ही यंदा काय सोडले?’ असे आपण एकमेकांना विचारतो. त्यागाच्या या प्रथेत गैर काहीच नाही. परंतु मोह म्हणजे ताटातला किंवा पेल्यातला पदार्थ, एवढाच अर्थ मनात रुजला तर मोहाचे खरे स्वरूप ओळखता येत नाही. आणि जे ओळखता येत नाही, त्याचा प्रतिकार तरी कसा करणार?

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत ‘पेइरास्मोस’ असा एक शब्द येतो. मराठीत त्याचे भाषांतर करताना कधी ‘परीक्षा’ तर कधी ‘मोह’ असा शब्द योजावा लागतो, कारण त्या एका शब्दात हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेचे विवेचन करताना याच ठिकाणी दोन भेद स्पष्ट केलेले आहेत. माणसाची आंतरिक वाढ घडवून आणणारी परीक्षा वेगळी आणि पापाकडे नेणारा मोह वेगळा, हा पहिला भेद. दुसरा भेद अधिक व्यावहारिक आहे: मोह होणे वेगळे आणि मोहाला संमती देणे वेगळे.

हा दुसरा भेद अनेक भाविकांना ठाऊक नसतो, असे पापनिवेदनाविषयीच्या आपल्या बोलण्यावरून जाणवते. मनात वाईट विचार आला म्हणजे पाप घडलेच, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ जण उगाच खंतावतात. परंतु मोह होणे हेच पाप असते, तर अरण्यातल्या त्या प्रसंगाचा अर्थ आपण कसा लावला असता? पोप संत ग्रेगरी महान (मृत्यू इ. स. ६०४) यांनी मोहाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी सूचना येते, मग त्या सूचनेत मन रमू लागते आणि शेवटी संमती दिली जाते. प्रभू येशूच्या बाबतीत सैतानाची मजल केवळ पहिल्या पायरीपर्यंत गेली. आपली अडचण बहुधा मधल्या पायरीवर होते. तेथे आपण बसकण मारतो आणि ‘मी अजून कुठे काय केले आहे?’ असे स्वतःला समजावत राहतो.

एदेन बागेतील संभाषण या दृष्टीने पुन्हा एकदा वाचून पाहावे. परमेश्वराने सर्व झाडांची फळे खाण्याची मुभा दिली होती आणि केवळ एकाच झाडाला मनाई केली होती. सर्प मात्र प्रश्न असा विचारतो की, जणू परमेश्वराने सगळ्याच झाडांना मनाई केली आहे. एवा त्याची चूक दुरुस्त करते. तिचा हेतू चांगलाच आहे, ती परमेश्वराची बाजू मांडते आहे. परंतु दुरुस्ती करता करता तीही आपल्या पदरचे थोडे घालते. फळाला स्पर्शही करायचा नाही, असे ती सांगते, जे मूळ आज्ञेत नव्हते. संभाषण सुरू झाले आणि मूळ आज्ञा दोघांच्याही तोंडी बदलली. याउलट अरण्यातील प्रभूची तीनही उत्तरे पाहावीत. तिन्ही अनुवाद या ग्रंथातील आहेत, तिन्ही आटोपशीर आहेत. सैतान स्वतः स्तोत्रसंहितेचा आधार घेतो तेव्हाही प्रभू त्याच्याशी त्या स्तोत्राच्या अर्थाविषयी वाद घालीत बसत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ९ मार्च २०१४ रोजी, त्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, मध्यान्ह प्रार्थनेच्या वेळी नेमके याकडेच लक्ष वेधले होते: एवेने सैतानाशी संवाद केला, येशूने केला नाही.

पोप फ्रान्सिस हे येशूसंघीय होते आणि ही शिकवण त्यांच्या संघाच्या संस्थापकापासून चालत आलेली आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी मोहाविषयी जे लिहिले, ते ग्रंथालयात बसून लिहिलेले नाही. ते सैनिक होते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथील किल्ल्याचे रक्षण करीत असताना तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. दीर्घ आजारपणात मनःपरिवर्तन झाले आणि १५२२ साली ते मानरेसा या गावी येऊन राहिले. भिक्षा मागून जेवावे, रोज गुडघ्यांवर बसून सात तास प्रार्थना करावी, केस आणि नखे वाढू द्यावीत, असा त्यांचा क्रम होता. त्या काळातील एक मोह त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. एके दिवशी एक विचार त्यांच्या मनात शिरला: अजून सत्तर वर्षे तुला जगायचे आहे, असले आयुष्य इतकी वर्षे तू कसे काय सोसशील?

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण या मोहात ना सुंदर वस्तू आहे ना चविष्ट पदार्थ. यात आहे केवळ भविष्याचा हिशोब. व्यसन सोडू पाहणाऱ्या माणसाला हाच विचार छळतो की, आजचे ठीक आहे, पण उरलेल्या जन्माचे काय? अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणाऱ्या सुनेलाही हाच विचार छळतो. इग्नेशियस यांनी त्या विचाराला एकच प्रतिप्रश्न केला: मला एका तासाच्या आयुष्याची तरी हमी तू देऊ शकतोस का? एवढे विचारून त्यांनी तो विषय संपविला, आणि मन शांत झाले, असे ते सांगतात. सत्तर वर्षे खरेच सोसता येतील की नाही, याची चर्चा त्यांनी केली नाही.

मानरेसातील दुसरा मोह याहून अवघड होता, कारण तो चक्क पापनिवेदनाच्या मार्गाने आला. गतायुष्यातील एखादे पाप सांगायचे राहून गेले असेल, या शंकेने ते पुनःपुन्हा पापनिवेदन करू लागले. जे अगदी स्पष्ट आठवते तेवढेच सांगावे, असे धर्मगुरूंनी बजावले, तर त्यांना सगळेच स्पष्ट आठवू लागले. ही यातना इतकी वाढली की जीव द्यावा, असा विचारही त्यांच्या मनात जोराने येऊ लागला. एक आठवडाभर त्यांनी अन्नपाणी वर्ज्य केले. धर्मगुरूंनी उपास सोडण्याची आज्ञा केल्यावर त्यांनी ती पाळली. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी शंका पुन्हा उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी एक गोष्ट तपासून पाहिली: हा विचार येतो कोणत्या वाटेने, आणि मला नेतो कुठे? तो त्यांना साधनेचाच तिटकारा येण्यापर्यंत घेऊन चालला होता. गतकाळातील पापे पुन्हा सांगायची नाहीत, असा निश्चय त्यांनी केला आणि ते मुक्त झाले. (येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जीव देण्याचे विचार ज्याच्या मनात येतात, त्याने धर्मगुरूंकडे जावेच, पण डॉक्टरांकडेही विनाविलंब जावे. आजाराला मोह समजून एकट्याने झुंजत राहणे, हा श्रद्धेचा पुरावा नव्हे.)

या अनुभवांतून सिद्ध झालेला ‘आध्यात्मिक साधना’ हा त्यांचा छोटेखानी ग्रंथ पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली मान्य केला. त्यात आत्म्यांची पारख करण्याविषयी नियम दिलेले आहेत. पहिल्या चौदा नियमांपैकी अखेरचे तीन नियम उपमांच्या रूपाने सांगितलेले आहेत. पहिल्या उपमेवर त्या काळातील स्त्रीविषयक पूर्वग्रहांची छाया आहे, त्यामुळे ती बाजूला ठेवून केवळ आशय घ्यावा: आपण कचरलो तर मोह अंगावर येतो, ठाम उभे राहिलो तर तो माघार घेतो. उरलेल्या दोन उपमांवर मात्र थोडे थांबावयास हवे.

त्यातील चौदाव्या नियमातील उपमा वसईच्या माणसाला समजावून सांगण्याची गरजच नाही. किल्ला घेऊ पाहणारा सेनापती आधी तटाभोवती फिरून पाहणी करतो आणि तट जेथे कच्चा असेल तेथे हल्ला चढवितो. मोहही तसाच वागतो, असे इग्नेशियस म्हणतात. आपला वसईचा किल्ला तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने त्याला वेढा दिला तेव्हा जोर लावला तो जमिनीच्या बाजूने. तटाखाली सुरुंग पेरले गेले, सेंट सेबास्टियन बुरुजाला खिंडार पडले आणि मे महिन्यात किल्ला पडला. समुद्राच्या बाजूचा तट शाबूतच होता. त्याचा त्या दिवशी काही उपयोग झाला नाही.

आपला कच्चा तट कोणता, हे आपल्याला ठाऊक असते, असा आपला समज असतो. माझाही होता. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या गावच्या सणसमितीचा खजिनदार म्हणून वर्गणीची रोकड माझ्या घरच्या लोखंडी कपाटात होती. त्याच सुमारास मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशाचा साठ हजारांचा हप्ता शनिवारपर्यंत भरावयाचा होता. माझी मुदत ठेव तीन आठवड्यांनी मोकळी होणार होती आणि सणाचा हिशोब महिनाभराने सादर करावयाचा होता. मनात एक शब्द आला: ‘उसने’. चोरी हा शब्द आला असता तर मी दचकलो असतो. परंतु ‘उसने’ हा शब्द सभ्य होता, त्याला परतफेडीची तारीखसुद्धा होती. शिवाय कारण चांगले होते, मुलाचे शिक्षण. पहिल्या रात्री मी फक्त विचार केला. दुसऱ्या रात्री कपाट उघडून साठ हजार मोजले, त्यांना रबर लावले आणि तेथेच वेगळे ठेवले. संत ग्रेगरी यांची मधली पायरी म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्नी ओट्यापाशी बोंबील साफ करीत असताना मी तिला हे सांगितले. सांगण्याचा हेतू कबुलीचा नव्हता, तिची संमती मिळावी असाच होता. तिने हात धुतले नाहीत की आवाज चढविला नाही. “तुमच्या भावाकडे पैसे आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?” एवढेच तिने विचारले. मी गप्प राहिलो. कुंपणाच्या भिंतीवरून झालेल्या वादानंतर मी दोन वर्षे त्याच्या अंगणात पाऊल टाकले नव्हते. मग ती म्हणाली, “तुम्हाला पैशाचा मोह पडलेला नाही. तुम्हाला त्याच्या दारात जायचं नाहीये.”

पैशाच्या बाबतीत मी प्रामाणिक आहे, अशी माझी ख्याती होती आणि त्या बाजूचा तट मी आयुष्यभर राखला होता. मोह आला तो अहंकाराच्या बाजूने, आणि तेथे पहारा नव्हताच. त्या रात्री मी भावाकडे गेलो. त्याने पैसे दिले आणि इतके दिवस का आला नाहीस, म्हणून चार शब्दही सुनावले. भिंतीचा प्रश्न काही त्या रात्री सुटला नाही. पुढच्या वर्षापासून समितीची रोकड दोघांनी मोजून दोघांच्या सहीने बँकेत ठेवण्याची पद्धत मी सुरू करवली. असे का, हे मात्र समितीत कोणाला सांगितले नव्हते.

तेराव्या नियमातील उपमा हीच आहे. एखाद्या घरातील मुलीला किंवा पत्नीला फूस लावू पाहणारा कपटी माणूस, आपले बोलणे गुप्त राहावे म्हणून धडपडतो. तिने ते वडिलांना किंवा पतीला सांगितले की त्याचा डाव फसतो. मोहाचेही असेच आहे. त्याची पहिली अट गुप्ततेची असते. म्हणून इग्नेशियस सांगतात की, तो अनुभवी धर्मगुरूसमोर किंवा या मार्गाची जाण असलेल्या व्यक्तीसमोर उघड करावा. पाप घडल्यानंतर प्रायश्चित्त संस्कार आहेच. येथे ते पाप घडण्याआधीच्या बोलण्याविषयी सांगत आहेत, आणि आपण नेमके तेच टाळतो. तीन दिवस माझ्या डोक्यात ‘उसने’ हा शब्द किती भारदस्त वाटत होता! स्वयंपाकघरात मोठ्याने उच्चारताच तो केविलवाणा झाला.

हे तत्त्व चर्चच्या बाहेरही सिद्ध झालेले आहे. मद्याच्या आहारी गेलेल्या माणसांनी एकमेकांना आधार देण्यासाठी १९३५ साली अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ सुरू केली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी पायरी अशी की, आपल्या चुकांचे नेमके स्वरूप परमेश्वरापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी मान्य करावयाचे. या पायऱ्या ‘आध्यात्मिक साधने’शी किती जुळतात, हे सेंट लुईस शहरातील फादर एडवर्ड डाउलिंग या येशूसंघीय धर्मगुरूंच्या लक्षात आले आणि १९४० साली ते चळवळीचे एक संस्थापक बिल विल्सन यांना भेटावयास न्यूयॉर्कला गेले. हा संबंध विल्सन यांना तोवर ठाऊकही नव्हता. आपल्याकडे लग्नकार्यात बाटली ठेवण्यावरून दरवर्षी प्रवचने होतात, ठराव होतात. त्या ठरावांइतकेच महत्त्व, व्यसनाशी झुंजणाऱ्या माणसाला न लाजता बोलता येईल अशा एका खोलीला आणि ऐकणाऱ्या एका माणसाला आहे, असे माझे मत आहे.

तरुणांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण त्यांचा मोह हातात मावणाऱ्या पडद्यावर, दार लावून घेतलेल्या खोलीत येतो. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु आईवडिलांना न सांगता कर्ज करून बसलेल्या मुलाला कायद्याआधी घरातला एखादा माणूस हवा असतो, जो पहिल्या वाक्याला ओरडणार नाही.

आणखी एक नियम सांगावासा वाटतो, तो उदासीनतेविषयीचा. प्रार्थनेत गोडी वाटत नाही, मन कोरडे पडले आहे, अशा वेळी आधी केलेले निश्चय बदलू नयेत, असे इग्नेशियस आवर्जून सांगतात. उलट, त्या काळात थोडे अधिक करावे. तासभर प्रार्थना करण्याचे ठरविले असेल आणि ती जड जात असेल, तर तासाहून थोडा अधिक वेळ बसावे, म्हणजे मोहाला केवळ तोंड देण्याची नव्हे, त्याला हरविण्याची सवय लागते. प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हा नियम फार उपयोगी पडतो, कारण राखेच्या बुधवारचा उत्साह तोवर ओसरलेला असतो.

संत लूक मोहाच्या प्रसंगाचा शेवट करताना सांगतात की, सैतान संधी मिळेपर्यंत प्रभूला सोडून गेला. म्हणजे तो परत येणार होता. बहुधा म्हणूनच इग्नेशियस यांनी एकाच दोषावर लक्ष ठेवण्याची रोजची पद्धतही सांगून ठेवली आहे. सकाळी उठताच त्या दोषापासून सावध राहण्याचा निश्चय करावा. दिवसा तो घडला की छातीवर हात ठेवावा. चारचौघांतही हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दुपारी आणि रात्री मागे वळून पाहावे आणि वहीत प्रत्येक दिवसासाठी आखलेल्या दोन रेघांवर, जितक्या वेळा दोष घडला तितके ठिपके द्यावेत. मग रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहावा. सैनिकाने केलेली पहाऱ्याची नोंदच म्हणावी!

मी अशी वही ठेवतो. ‘मदत मागावयास लाजणे’ असा मथळा पहिल्या पानावर लिहिला, तेव्हा एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी सबंध वही कशाला, असे वाटले होते. पहिल्या आठवड्यात एकही दिवस ठिपक्यांवाचून गेला नाही. यंदा राखेच्या बुधवारी नवी वही घेतली आहे. मथळा अजून तोच आहे.